‘शी’ इंग्रजांकडून आलेली नाही

गेल्या रविवारी आमच्या मावस-चुलत भावंडांच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे कैक हातांतून फिरून आलेला. मजकूर थोडक्यात असा: ‘शी’ हा मुळी मराठी शब्दच नाही. इंग्रज साहेब घाण दिसली की ‘शिट्’ म्हणत, ते ऐकून बंगल्यावरच्या आयांनी आणि नोकरांनी ‘शी’ उचललं. हे ‘शिट्’ म्हणजे ‘शिप हाय इन ट्रान्झिट’ची आद्याक्षरं, जहाजावरच्या शेणखताच्या गाठोड्यांवर ती छापत असत. ‘थू’ हा फारसी ‘तुफ’चा अपभ्रंश. ‘यक्’ मात्र अस्सल आपलं, संस्कृत ‘यकृत्’वरून विलायतेत गेलेलं. ‘ईऽऽ’ सगळं जगच म्हणतं, त्यामुळे ती भाषाच नव्हे. आपले पूर्वज फक्त ‘धिक्’ म्हणत. तेव्हा मुलांना ‘शी’ म्हणू देऊ नका.

मी त्या दिवशी भाचीकडेच होते. तिची साडेतीन वर्षांची लेक स्वयंपाकघरात फरशीवर बसून पिकून काळं पडलेलं केळं सोलत होती. बोट आत रुतलं. तिने हात वर धरला, नाक आकसलं, जिभेचं टोक जरासं बाहेर आलं आणि ती म्हणाली, “शीऽऽ!” तिचे बाबा हातात फोन घेऊन दारात उभे होते. “शी नाही म्हणायचं बाळा, यक् म्हण.” पोरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बोट फ्रॉकला पुसलं.

मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलं. चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल खूण करायची आणि पुढच्या ओळीकडे वळायचं, ही सवय. पण हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं. ‘शी’ हा माझ्या आईच्या, आजीच्या तोंडचा शब्द. बाळंतिणीच्या खोलीत, मोरीत, चुलीपुढे बोलला गेलेला. असे शब्द ग्रंथांत क्वचितच सापडतात, म्हणून कुणीही उठावं आणि त्यांना परक्याच्या घरचं म्हणावं, हे मला चालत नाही. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देते.

‘शिट्’चं ‘शी’ झालं म्हणता, तर मग ‘ट’ कुठे गेला? इंग्रजीतून आलेले शब्द आठवून पाहा. शर्ट, कोट, प्लेट, सीट, नोट, बिस्कीट, पाकीट, तिकीट. मराठी माणूस परक्या शब्दाचा स्वर वाकवतो, जोडाक्षर फोडतो, पण शेवटचा ‘ट’ काही सोडत नाही. शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा ‘तिकी’ म्हणत नाही. एवढ्या एकाच शब्दात तो गळाला, असं म्हणायचं तर कारण सांगावं लागेल.

आणि ‘शी’ला सख्खी भावंडं इथेच, शेजारी आहेत. हिंदीत ‘छी’, गुजरातीत ‘छी’, बंगालीत ‘छि’, ओडियात ‘छि’. आता हिंदी आणि मराठीतल्या या जोड्या मोठ्याने म्हणून पाहा: छुरी, सुरी. छोड़ना, सोडणे. पूछना, पुसणे. मछली, मासळी. कछुआ, कासव. बछड़ा, वासरू. छह, सहा. हिंदीत जिथे ‘छ’ टिकला तिथे मराठीत ‘स’ आला. आणि पुढे ‘इ’ किंवा ‘ई’ असेल तर तो ‘स’ टाळूकडे सरकून ‘श’ होतो. मूँछ, मिशी. छींक, शिंक. याच रांगेत ‘छी’ आणि ‘शी’ उभे करा, जागा नेमकी भरते. ‘विंचू’सारखे अपवाद आहेत, पण ही वाट चांगली मळलेली आहे आणि जुनी आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत ‘पुसणें’ आहे, ‘पूछणें’ नाही. म्हणजे ‘छ’चा ‘स’ होऊन बसला तेव्हा सुरतेला इंग्रजांची वखार पडायला अजून तीनशे वर्षं होती.

यावर एक खरा आक्षेप घेता येतो, तो मीच घेते. उद्गारवाचक शब्द नेहमी नियमाने चालत नाहीत. शिंक, हुंकार, थुंकी यांच्या आवाजाजवळचे शब्द माणसं पुन्हा पुन्हा नव्याने घडवतात. म्हणून तर मराठीत ‘शी’बरोबर ‘छी’ही आहे. गावभर छी-थू झाली, असं आपण म्हणतो, तिथे ‘शी-थू’ कुणी म्हणत नाही. तेव्हा ‘शी’ ही ‘छी’ची धाकटी बहीण की तिच्याशेजारी वेगळी उपजलेली, यावर वाद होऊ शकतो. पण दोन्हींपैकी कुठलीही वाट विलायतेतून जात नाही. तेलुगूत ‘छी’ आहे, कन्नडात ‘छी’ आहे, आणि त्या तर वेगळ्या कुळातल्या भाषा. असमियात लिहितात ‘छिः’ आणि म्हणतात ‘सिः’, कारण त्यांचा ‘छ’ही ‘स’सारखाच उच्चारला जातो. इंग्रज साहेबाचा एक शब्द ऐकून दक्षिणेपासून ईशान्येपर्यंतच्या माणसांनी त्याचा ‘ट’ एकसारखा टाकला आणि आपापल्या भाषेच्या सवयीनुसार ‘छ’, ‘स’, ‘श’ वाटून घेतला, असं मानायचं का?

मेसेज लिहिणाऱ्याला फसवलं ते अर्थाच्या साम्याने, हे मला समजतं. ‘बाळाने शी केली’ यातली शी आणि इंग्रजी शिट्, दोन्हींचा अर्थ एकच. पण ही ‘शी’ कशी आली ते लंगोट बदलताना कान देऊन ऐकलं तरी कळतं. आई नाक मुरडते, म्हणते, “शी, हात नको लावू!” बाळ काय ऐकतं? त्या वस्तूचं नाव. उद्गाराचं नाम होतं. बाळबोलीतले बरेच शब्द असेच आवाजातून झाले आहेत. शू त्या धारेच्या आवाजावरून, भुर्र पाखराच्या पंखांवरून. अर्थ जुळला, आवाज थोडा जुळला म्हणून नातं जुळत नाही. फारसी ‘बद’ म्हणजे वाईट, तोच आपल्या ‘बदनाम’मधला. इंग्रजी ‘बॅड’ म्हणजेही वाईट. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि भाषाशास्त्राच्या वर्गात योगायोगाचं उदाहरण म्हणून हीच जोडी देतात.

आता ते जहाज. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही, इंटरनेटवर इंग्रजीत ती गेली वीस-पंचवीस वर्षं फिरते आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात वाळलेलं शेणखत जहाजाने जाई, तळाशी पाणी शिरलं की ते कुजे, मिथेन साठे, कंदील घेऊन कुणी खाली उतरलं की स्फोट होई. म्हणून ‘प्रवासात उंचावर ठेवा’ असा शिक्का, आणि त्याची आद्याक्षरं म्हणजे तो शब्द.

यातलं मिथेनचं तेवढं खरं. ओलं शेण हवा कोंडून ठेवलं की गॅस निघतो, हे गोबरगॅसवर स्वयंपाक केलेल्या कुठल्याही घराला सांगावं लागत नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. बाकीची गोष्ट मात्र शब्दाच्या वयापाशीच कोसळते. ते क्रियापद जुन्या इंग्रजीत आहे, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या. जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश या बहिणींकडेही त्याच मुळाचा, त्याच अर्थाचा शब्द आहे. समुद्र कधी न पाहिलेल्या जर्मन खेड्यातला शेतकरीही तोच शब्द वापरत होता, त्याच्या गाठोड्यावर इंग्रजी शिक्का कुणी मारला होता? शिवाय आद्याक्षरं जोडून रोजच्या बोलण्यातला शब्द घडवण्याची चाल इंग्रजीत मुख्यतः विसाव्या शतकातली, दोन महायुद्धांच्या आसपासची. ‘रडार’ १९४० चा. पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, ग्वानो, पेरूच्या चिंचा बेटांवरून जहाजं भरभरून युरोपात जात असे, हे खरं आहे, पण ते एकोणिसाव्या शतकात. तोवर त्या शब्दाने कैक पिढ्या पाहिल्या होत्या.

अशीच एक गोष्ट मुंबई बंदराच्या नावावरही खपवली जाते. ‘पॉश’ म्हणे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. विलायतेहून मुंबईला येताना डावीकडची आणि परत जाताना उजवीकडची सावलीची खोली श्रीमंतांना मिळे, आणि तिकिटावर ती चार अक्षरं छापत. असं तिकीट आजवर एकही कुणाला मिळालेलं नाही. गोष्ट रंगतदार, पुरावा शून्य.

खरं मूळ मला या जहाजापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं. व्युत्पत्तिकार त्या इंग्रजी शब्दाचं मूळ ‘कापणे, वेगळं करणे’ या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूत दाखवतात. शरीराने स्वतःपासून वेगळं केलेलं, ते. संस्कृतात तोच धातू ‘छिद्’ म्हणून आहे. म्हणजे त्या इंग्रजी शब्दाचं आपल्या घरात कुणी नात्याचं असेलच, तर ते ‘छेद’ आणि ‘छिद्र’. ‘शी’ नव्हे.

‘थू’ला फार वेळ द्यायला नको. जीभ दातांमागे टेकवून जोराने सोडली आणि ओठ पुढे काढले की जो आवाज होतो, तो हा शब्द. थुंकताना फारसी माणसाच्या तोंडून ‘तुफ’ निघतो, अरबाच्या तोंडून ‘तफू’, रशियनाच्या तोंडून ‘त्फू’, ग्रीकाच्या तोंडून ‘फ्तू’. कुणी कुणाकडून शिकलेलं नाही, सगळ्यांना जीभ, दात आणि ओठ आहेत. आणि आपल्याकडे प्राकृतातल्या ‘थुक्क’पासून थुंकी, थुंकणे हे सगळं कुटुंबच नांदतं आहे, नुसता एकटा उद्गार नाही. दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे बाळावरून ‘थू थू’ करतात ना, ग्रीक आज्या गोड बाळ पाहून तीनदा तेच करतात आणि रशियन माणूस डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं करतो. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी मीठ-मोहऱ्या ओवाळताना दिसली.

‘यक्’ आणि ‘यकृत्’चं जुळवणं हे नुसतं अक्षरं पाहून केलेलं आहे. इंग्रजीतला ‘यक्’ फार लहान वयाचा, छापील नोंदी १९६० च्या दशकातल्या. त्याच सुमारास कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या बोलीत त्याचा अर्थ ओकणे असाही सापडतो. म्हणजे तोही बहुधा आवाजच, आपल्या ‘ओक्’सारखा. आपल्या मुलांकडे तो कार्टूनमधून आणि जाहिरातींतून आला. त्यात गैर काही नाही. भाषा शब्द घेतच असतात, मुलांनी ‘यक्’ म्हटलं म्हणून माझं काही बिघडत नाही. बिघडतं ते आलेल्या शब्दाला घरचा आणि घरच्याला आलेला ठरवल्याने. घरोघरी आता मुलांना ‘शी’ऐवजी ‘पॉटी’ म्हणायला शिकवतात, ते सभ्य वाटतं म्हणून. पॉटी कुठल्या भाषेतला, ते या मेसेजने सांगितलेलं नाही.

‘यकृत्’ला मात्र परदेशात खरे नातेवाईक आहेत, त्यासाठी खोटे जोडायची गरज नव्हती. लॅटिनमध्ये ‘येकुर’, ग्रीकमध्ये ‘हेपार’. कावीळ झाल्यावर डॉक्टर ‘हेपटायटिस’ म्हणतात त्यातलाच हा हेपार. आणि फारसीत ‘जिगर’. ‘त्याच्यात जिगर आहे’ म्हणताना आपण यकृताच्याच चुलत भावाचं नाव घेत असतो. वैद्याच्या पोथीतला शब्द आणि तालमीतला शब्द एकाच मुळाचे. हे खरं आहे, आणि कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘ईऽऽ’बद्दलचा दावा मला सगळ्यांत विचार करायला लावणारा वाटला, कारण त्यात अर्धं सत्य आहे. आरशासमोर उभं राहून वरचा ओठ उचला, नाक आकसा, आणि तसंच ठेवून ‘ऊ’ म्हणून पाहा. जमत नाही. ओठ ताणलेले असताना ‘ई’ आपोआप येते. डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर पुस्तक लिहिलं, त्यात किळसेच्या चेहऱ्याबद्दल बारकाईने लिहिलं आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला एका रहिवाशाने डार्विन खात असलेल्या गार मांसाला बोट लावून पाहिलं आणि त्या मऊपणाची त्याला किळस आली. त्याने बोट लावलं म्हणून डार्विनला त्या अन्नाची किळस आली. किळस दोघांनाही होती.

पण चेहरा एक म्हणून शब्द एक होत नाही. जर्मन माणूस ‘इगिट’ म्हणतो आणि ‘फुई’ही म्हणतो. फ्रेंच ‘बर्क’ म्हणतो, रशियन ‘फू’, इंग्रज ‘ईयू’ किंवा ‘अघ्’. २०२४ साली ध्वनिशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जगभरच्या १३१ भाषांतले वेदनेचे, आनंदाचे आणि किळसेचे उद्गार तपासले होते. वेदनेच्या उद्गारांत ‘आ’सारखा मोठ्या तोंडाचा स्वर भाषांमागून भाषांत आढळला. आपलं ‘आई गं’ आणि ‘अयाई’ आठवा. किळसेच्या उद्गारांत मात्र असा समान स्वर सापडला नाही. म्हणजे दुखलं तर जग जवळजवळ एकसारखं ओरडतं, पण किळस आली की प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलतो.

‘भाषाच नव्हे’ हे म्हणणं तर मला मुळीच मान्य नाही. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणापासून स्पर्धा परीक्षेच्या गाइडपर्यंत हे शब्द केवलप्रयोगी अव्ययांत घातले जातात, तिरस्कारदर्शक म्हणून, आणि पाठ करून विसरले जातात. पण त्यांचा वापर किती नेमका आहे! वरणात केस निघाला की ‘शी’. भिंतीवरून पाल सरकली की ‘ईऽऽ’. कारल्याचा घास तोंडात गेला की ‘थू’. माणसाने लाज सोडली की ‘छी’. जागा बदलून पाहा. पाल पाहून कुणी ‘थू’ म्हणत नाही, आणि लाच खाणाऱ्याला कुणी ‘ईऽऽ’ म्हणत नाही. घाण, स्पर्श, चव, वागणूक, एवढी वाटणी ज्या चार अक्षरांत झाली आहे त्यांना किंकाळी कसं म्हणायचं? ही वाटणी भाचीच्या पोरीला साडेतीन वर्षांची असतानाच येते. तिला कुणी शिकवलेली नाही, तिने ती ऐकून उचलली आहे. भाषा दुसरी कशी असते?

राहिलं ‘धिक्’. शब्द मोठाच आहे, पण त्याचं काम वेगळं. संस्कृतात ‘धिक्’ आला की पुढच्या नामाला द्वितीया लागते, कारण तिथे कुणाला तरी दोष द्यायचा असतो. ‘धिक् त्वाम्’, तुझा धिक्कार असो. भर्तृहरीचा प्रसिद्ध श्लोक तिचा, त्याचा, मदनाचा, हिचा आणि शेवटी स्वतःचा धिक्कार करतो. तिथे नाक मुरडण्याचा प्रश्नच नाही, तिथे मन विटलं आहे. कुजक्या केळ्याला कोण धिक्कारणार?

आणि पूर्वज फक्त ‘धिक्’ म्हणत, हेही खरं नाही. संस्कृत नाटकं उघडून पाहा. राजा आणि ऋषी संस्कृत बोलतात, पण बहुतेक स्त्रिया प्राकृत बोलतात, आणि त्यांच्या तोंडी ‘हद्धी हद्धी’ येतं. टीकाकार खाली लिहितात, ‘हा धिक्, हा धिक्’. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही बायकांच्या बोलण्यात तो शब्द झिजून, गोल होऊन, निराळाच झाला होता, आणि नाटककारांनी तो जसाच्या तसा ठेवला. त्यांनी बायकांचं बोलणं सुधारून पुरुषांच्या संस्कृतात बसवलं नाही. आज आपण फोनवर एक बोट दाबून तेच करायला निघालो आहोत.

हे सगळं मी त्या ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे एवढंच लिहिलं की मेसेजमधली माहिती चुकीची आहे, आणि सुरी, सोडणे, शिंक, मिशी ही यादी टाकली. एका मावसभावाने तासाभराने ‘कछुआ-कासव कधी लक्षातच आलं नव्हतं’ असं उत्तर दिलं. दुसऱ्याने ‘ऋक्ष’पासूनचं हिंदी ‘रीछ’ आणि मराठी ‘रीस’ आठवून पाठवलं. त्याचे वडील अस्वलाला रीसच म्हणायचे.

संध्याकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो. पोरगी खेळता खेळता थबकली, दोन्ही हात पोटावर ठेवून दारात उभी राहिली. बाबांकडे पाहून जरा थांबली, सकाळचं बहुतेक आठवत असावं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मावशीआजी, शी आली.” तिचे बाबा कप खाली ठेवून उठले. “शी आली ना? चल, चल लवकर,” म्हणाले आणि तिला कडेवर घेऊन आत गेले.